खडकावरचं बिऱ्हाड

नगरपालिकेच्या कचेरीत सात नंबरच्या खिडकीसमोर उभं असताना पद्मिनी अष्टेकरला कळलं, की आपण एका खडकावर राहतो.

राहतो म्हणजे कागदोपत्री. प्रत्यक्षात ती राहायची टोकियोजवळच्या ग्योतोकुला, स्टेशनपासून सायकलनं चार मिनिटांवर, चौथ्या मजल्यावर, नवरा रविकांत आणि तेरा वर्षांची सई यांच्यासह. पण जपानी नागरिकाला दोन पत्ते असतात. एक राहता, जिथे टपाल येतं. दुसरा होन्सेकी, म्हणजे कुटुंबनोंदीचा मूळ पत्ता. तिथे काही येत नाही, आणि तिथे कुणी राहिलंच पाहिजे असा सरकारचा हट्टही नाही. देशाच्या नकाशातली कुठलीही जागा लिहा. कुणी आजोबांचं गाव लिहितं, कुणी ओसाकाचा किल्ला, कुणी थेट बादशहाचा राजवाडा. आठ महिन्यांपूर्वी अष्टेकरांनी भारताचे पासपोर्ट परत करून जपानचं नागरिकत्व घेतलं तेव्हा रविकांतनं हसत हसत डिस्नेलँड सुचवलं होतं, आणि सई तीन दिवस त्याच गोष्टीचा धोशा लावून बसली होती. पद्मिनीनं दोघांना गप्प केलं आणि ग्योतोकुचा पत्ता लिहायला लावला. एक देश सोडला तेवढं पुरे झालं, आता त्याची जत्रा नको, असं तिचं म्हणणं.

आज तिला नव्या पासपोर्टसाठी त्या नोंदीची नक्कल हवी होती. खिडकीमागच्या बाईंनी ती दोन्ही हातांनी पुढे केली आणि जरा घुटमळून विचारलं, "अष्टेकर-सान, हे शिमाने प्रांत... बरोबर आहे ना?"

पद्मिनीनं वाचलं. शिमाने प्रांत, ओकी जिल्हा, ओकीनोशिमा गाव, ताकेशिमा. सरकारी जमीन, घर क्रमांक नाही.

तिनं पुन्हा वाचलं. मग तारीख वाचली. चौदा जानेवारी. संक्रांतीच्या दिवशी घरात तिळगूळ झाला होता; मागच्या बाजूनं बिऱ्हाडही हललं होतं.

"काही चूक आहे का?" बाईंनी विचारलं.

"मूळ पत्ता बदलायला सह्या कुणाच्या लागतात?"

"विवाहित असाल तर दोघांच्या. आपापल्या हातानं केलेल्या." बाई समजूतदार हसल्या. "त्या बेटावर पत्ता नेणारी माणसं असतात थोडी. पण परदेशातून आलेलं कुटुंब मी पहिल्यांदाच पाहिलं. फारच कौतुक."

माझी सही मी केलेली नाही, हे वाक्य पद्मिनीच्या ओठांपर्यंत आलं आणि तिथेच थांबलं. घरचं उणं खिडकीवर काढू नये, एवढं तिच्या आईनं आणि जपाननं मिळून तिला शिकवलं होतं. तिनं "आभारी आहे" म्हटलं, मान लववली, आणि बाहेर येऊन सायकलच्या कुलपात चुकीची किल्ली इतक्या जोरात फिरवली की ती वाकली.

तो खडक पद्मिनीला ठाऊक नव्हता असं नाही. त्या अख्ख्या कचेरीत, किंबहुना अख्ख्या ग्योतोकुत, तिच्याइतका तो कुणालाच ठाऊक नसेल. ती माकुळांवर काम करायची. माकूळ म्हणजे आपला स्क्विड. त्याची पिल्लं कुठे जन्मतात आणि पाण्याबरोबर कुठे वाहत जातात, हे शोधण्यात तिची सात वर्षं गेली होती. ती पिल्लं जपान आणि कोरियाच्या मधल्या समुद्रात वाढतात, आणि त्या समुद्राच्या ऐन मध्यावर हे दोन सुळके आणि त्यांच्याभोवतीचा किरकोळ दगडगोटा. जपान म्हणतो, हे ताकेशिमा, आमचं. कोरिया म्हणतो, हे दोक्दो, आमचं. आणि नुसतं म्हणत नाही, तिथे पोलिस बसवून म्हणतो. जपान दरवर्षी निषेधाचं पत्र धाडतो, कोरिया दरवर्षी ते परत भिरकावतो. पद्मिनीच्या संस्थेचं जहाज तिथे बारा मैल आधीच वळतं. म्हणून तिच्या प्रत्येक नकाशात बरोब्बर मध्ये एक पांढरा गोल असायचा: इथली माहिती नाही.

तो गोल भरून देणारी होती बुसानची युन. तिनं आपल्या संस्थेत चार वर्षं खेटे घातले, वरिष्ठांच्या विनवण्या केल्या, आणि येत्या एप्रिलमध्ये पहिल्यांदाच, कोरियाच्या जहाजावर, जपानी संस्थेतली एक बाई चढणार होती. पद्मिनी. "तू भारतीय वंशाची, तुझ्याबद्दल कुणाला राग नाही. त्यावरच तर मी हे जमवलंय," असं युन म्हणाली होती.

आता त्या बाईचं मूळ घर नेमकं त्या खडकावर होतं. पोलिसांच्या शेजारी.

संध्याकाळी रविकांत स्वयंपाकघरात प्लास्टिकच्या बाटल्या विसळत होता. कचरा वेगळा करण्यात त्याचा हात धरणारा अख्ख्या इमारतीत नव्हता. बाटलीचं झाकण एका पिशवीत, कागदी पट्टी दुसऱ्या, बाटली चेपून तिसऱ्या. शेजारच्या आजींनी एकदा "अष्टेकर-सान आमच्यापेक्षा जपानी आहेत" असं म्हटलं, त्याला सहा वर्षं झाली. ते वाक्य त्यानं अजून धुऊन-पुसून वापरात ठेवलं होतं. त्याचा स्वभावच तसा. जपानी माणूस सहज काही बोलला की तो ते हुकूम समजायचा, आणि बायको ओरडून काही बोलली की सूचना.

पद्मिनीनं ती नक्कल ओट्यावर ठेवली.

"रवी, आपण कुठे राहतो?"

रविकांतनं कागदाकडे पाहिलं. हातातली पट्टी अर्धवट सोललेलीच राहिली. "अगं, सांगणारच होतो की. सरप्राइज होतं."

"कुणाला? माकुळांना?"

"नुसता कागद आहे गं. राहायला थोडंच जायचंय?"

"नुसता कागद होता तर माझी सही कशाला लागली?"

"फॉर्मवर रकाना होता."

"आणि रकाना दिसला की तू भरतोस. कशी केलीस माझी सही? सराव केलास की पहिल्याच फटक्यात जमली?"

"जपानी अक्षरात तर लिहायचं होतं," रविकांत म्हणाला, आणि त्याला खरोखर वाटलं की हे आपल्या बाजूचं आहे. "त्या लिपीत आपल्या सगळ्यांचंच अक्षर पहिलीतल्या पोरासारखं येतं. कुणाला काय कळतंय?"

पद्मिनी तेरा वर्षं जपानीत लिहीत होती. रोज. जहाजावर, हेलकाव्यात, गारठलेल्या बोटांनी. तिच्या अक्षराला तिची स्वतःची वळणं होती.

"का?" तिनं विचारलं.

मग सगळं बाहेर आलं, बाटल्यांसारखं, वेगवेगळं करून. टोकियोच्या कोतो वॉर्डातल्या त्याच्या कंपनीत विभागप्रमुख कुरामोची-सान. त्यांचं एक चौदा जणांचं मंडळ, बेट परत मिळवण्यासाठी: सभा भरवतं, पत्रकं काढतं, वर्षातून एकदा एकत्र जेवतं. डिसेंबरच्या पार्टीत कुरामोची-साननी ग्लास उंचावून म्हटलं, "अष्टेकर-सान आता आपलेच. आता आमच्या बेटावरही या!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आणि एप्रिलमध्ये उपविभागप्रमुखाची जागा भरायची होती. दोनदा ती रविकांतच्या नाकासमोरून गेली होती, दोन्ही वेळा त्याच्यानंतर लागलेल्या माणसाकडे.

"म्हणजे बॉसनं दारू पिऊन या म्हटलं, आणि तू बायकापोरांसकट गेलास."

"तू ठाण्याची. तुला हे नाही कळायचं," रविकांतचा आवाज चढला. "मी बेळगावचा आहे. आमच्या दुकानाच्या मराठी पाटीला तीनदा काळं फासलंय. आपली जमीन दुसऱ्यानं दाबून बसणं काय असतं ते मी बघत मोठा झालोय. बाबांनी लाठ्या खाल्ल्यात त्यापायी."

"बेळगावात माणसं राहतात, रवी. मराठी बोलणारी, मराठी शाळा मागणारी. त्यांच्यासाठी खाल्ल्या बाबांनी लाठ्या. ह्या खडकावर कोण राहतं? समुद्रपक्षी. त्यांनी अजून कुठल्याच सरकारकडे अर्ज केलेला नाही. आणि तुझा काय संबंध? ना तू त्यांच्यातला जन्मलास, ना ह्यांच्यातला. दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ ऐकला होता. दोघांच्या भांडणात तिसरा आपलं घर नेऊन टाकतो, हे नवीनच."

खोलीच्या दारात सई उभी होती, एका कानात इअरफोन. तिनं ओट्यावरचा कागद उचलून वाचला. तिला तो दोघांपेक्षा भरभर वाचता यायचा.

"सो लीगली आय ॲम फ्रॉम अ रॉक?"

"सई, आत जा," रविकांत म्हणाला.

"याबाइ," सई म्हणाली. हा जपानीतला तिचा एकमेव सर्वगुणसंपन्न शब्द. परीक्षा, भूकंप आणि पुरणपोळी तिन्हींना चालायचा. मग ती मराठीत म्हणाली, "बाबा, माझी पण सही केलीस का?"

"तुझी लागत नाही. तू लहान आहेस."

"लकी मी," असं म्हणून तिनं दार लावून घेतलं. जोरात.

पण खरी गोष्ट अजून पुढेच होती. बावीस फेब्रुवारीला तिकडे शिमाने प्रांतात त्या बेटाचा दिवस पाळतात, म्हणून त्याच दिवशी इकडे मंडळाचा कार्यक्रम होता. त्याचं पत्रक रविकांतनं फोनवर दाखवलं. दाखवताना त्याच्या चेहऱ्यावर, एवढं होऊनही, थोडा अभिमान होताच. गेल्या दिवाळीचा तिघांचा फोटो, पद्मिनी पैठणीत. खाली मथळा: भारतातून आलेलं कुटुंब आता ताकेशिमाचं. खाली तिघांची नावं, आणि तिच्या नावापुढे 'सागरी शास्त्रज्ञ'. त्या दिवशी ते वाटायचं आणि संध्याकाळी मंडळाच्या वेबसाइटवर टाकायचं.

"हे युन पाहील."

"तिला जपानी कुठे येतं?"

"सहा वर्षं सप्पोरोला शिकलीय ती. आणि तिनं नाही पाहिलं तर दुसरं कुणी पाहील. 'जपानचा दावा सांगणारी बाई आपल्या जहाजावर', एवढंच छापलं की माझी सफर गेली. माझी जाऊ दे, माझ्यासाठी शब्द टाकला म्हणून तिची नोकरी जाईल. उद्याच्या उद्या पत्ता परत फिरव, आणि ते पत्रक थांबव."

"बावीस होऊ दे," रविकांत म्हणाला. "एप्रिल होऊ दे. मग फिरवू. आता मागे घेतलं तर मी त्यांच्या नजरेतून उतरेन."

"एप्रिलमध्येच माझं जहाज आहे!"

रविकांतनं राहिलेली पट्टी सोलली, बाटली चेपली, पिशवीत टाकली. "परत फिरवायलाही दोघांच्या सह्या लागतात," तो म्हणाला. हळूच म्हणाला, पण म्हणाला.

इथे रविकांतनं जमाखर्च अचूक मांडला होता, हे मान्य करायला हवं. जाताना तिची सही लागत होती. ती त्यानं स्वतःच केली. येताना त्याची लागणार होती. ती पद्मिनी करणार नाही, हे त्याला पक्कं माहीत होतं. प्रामाणिक माणसाशी संसार करण्याचा हा फायदा. पद्मिनीनं कायदाही धुंडाळला. संसार टिकवून एकट्या बायकोला त्या नोंदीतून बाहेर पडता येत नाही. त्या बेटावरून एकटीनं सुटायला एकच होडी होती, आणि तिचं नाव घटस्फोट.

रविवारी सकाळी बेळगावहून फोन आला. पंढरीनाथ अष्टेकर, वय अठ्ठ्याहत्तर, सीमालढ्यात दोनदा तुरुंगात गेलेले, आणि कानडीतल्या फॉर्मवर सही करणार नाही म्हणून शाळेतली नोकरी सोडून दुकान टाकलेले. पद्मिनीला सासऱ्यांबद्दल मनापासून आदर होता. तिनं ठरवलं होतं की त्यांच्याच कानावर घालायचं.

"काय सूनबाई! नाव काढलंत की घराण्याचं!" ते आधीच गरजले. "रव्यानं सगळं सांगितलंय. गल्लीत पेढे वाटले मी. म्हटलं, रक्त कुठं जातंय? जपानात जाऊन सीमाप्रश्नात उतरला पोरगा!"

"बाबा, तुम्हाला एक सांगायचं होतं. त्या कागदावर माझी सही मी केलेली नाही. त्यानं केली. मला न विचारता."

पद्मिनीनं फोन दुसऱ्या कानाला लावला. हा माणूस, ज्यानं आपलं नाव दुसऱ्याच्या लिपीत लिहायला नकार दिला, हातची नोकरी लाथाडली, एका सहीपायी...

"त्यात काय गं," पंढरीनाथ म्हणाले, अगदी मायेनं. "नवराबायकोत सही काय वेगवेगळी असती होय?"

पद्मिनीनं "ठेवते, बाबा" म्हटलं आणि फोन ठेवला. सासऱ्यांचा हिशेब तिला त्या दिवशी कळला: सरकारनं घेतलं तर अन्याय, नवऱ्यानं घेतलं तर एकोपा.

सोमवारी युनची मेल होती. जहाजावर कुणाची झोपायची जागा कुठे, कुणाची पाळी केव्हा, सगळा तक्ता. खाली एक ओळ: "स्वयंपाक्याला तुझ्यासाठी डाळ शिकवलीय. वाईट झाली तर माझ्यासमोर तसं बोलू नकोस." पद्मिनीनं उत्तर लिहायला घेतलं, तीनदा पुसलं, आणि नुसतं "आभार" पाठवलं. खोटं नव्हतं ते. पण तिला आपण खोटं बोललो असंच वाटत राहिलं, आणि त्याचाही राग तिनं रविकांतच्या नावावर मांडला. दुपारी ती पुन्हा सात नंबरच्या खिडकीवर गेली आणि त्या समजूतदार बाईंशी पाऊण तास बोलली. येताना तिच्या पिशवीत फॉर्म होते.

बावीस तारखेला, रविवारी, साडेदहाला, ती कोतोतल्या कार्यक्रमाच्या सार्वजनिक सभागृहात पोहोचली. रविकांत तासभर आधीच सूट घालून निघाला होता. ही येणार हे त्याला माहीत नव्हतं. दारात चपलांचं कपाट, आत घडीच्या खुर्च्या, भिंतीवर बेटाचं भलंमोठं चित्र, आणि टेबलावर पत्रकांचा गठ्ठा. गठ्ठ्यावर पैठणी नेसलेली ती स्वतः. जेमतेम तीसेक माणसं, बहुतेक साठीच्या पुढची. चहाच्या टेबलापाशी एक ठेंगणी, चष्मेवाली बाई सगळ्यांना कप देत होती. ती कुरामोची-सानची बायको, हे पद्मिनीला तिनंच वाकून सांगितलं.

भिंतीवर मंडळाच्या सदस्यांची यादी लावली होती. चौदा नावं. काही नावांपुढे लाल गोल. तळाला लिहिलं होतं: लाल गोल म्हणजे मूळ पत्ता बेटावर नेलेले.

पद्मिनीला मोजायची सवय होती. ती जहाजावर डोळे मिटूनही पिल्लं मोजायची. तिनं गोल मोजले. तीन.

तिनं पुन्हा मोजले. तीनच. त्यातला एक रविकांत.

"ओकुसान! तुम्हीही आलात!" दुसऱ्याच्या बायकोला आदरानं हाक मारायचा तो शब्द उच्चारत कुरामोची-सान लगबगीनं आले. उंच, सडपातळ, सभ्य माणूस. मागून रविकांतही आला आणि दोन पावलांवर थांबला. "तुमच्या निर्णयानं आम्ही सगळे भारावून गेलो."

"कुरामोची-सान," पद्मिनी म्हणाली. तिचं जपानी तिच्या कामासारखं होतं, नेमकं आणि बिनफुलांचं. "चौदांपैकी तिघांनीच पत्ता नेलाय. तुमच्या नावापुढे गोल नाही."

कुरामोची-साननी दातांतून हवा आत ओढली. जपानात हा आवाज आला की समजावं, खरं उत्तर आत गेलं. "हो, त्याचं काय आहे... प्रत्येक घराची परिस्थिती..."

"फॉर्म आहे की," त्यांच्या बायकोनं चहाच्या टेबलावरून सांगितलं, तोंडावर हात धरून हसत. "सहा वर्षं फ्रिजवर लावलाय, मॅग्नेटखाली. मीच सही करत नाही."

"का?" पद्मिनीनं विचारलं.

"त्या बेटावर माझं काय काम? माझे आईवडील नागानोचे. मी म्हटलं, तुम्हाला जायचं तर जा, मी इथून हात हलवीन."

मागच्या रांगेतले दोघं खुसखुसले. "म्हणून तर," त्यातला एक म्हातारा म्हणाला, "गोल असलेल्यांत एक मी, माझी बायको वारली. आणि दुसरा हा होशिनो, ह्याला कुणी मुलगी दिली नाही. आम्हाला विचारायला कुणी नव्हतं!" मग रविकांतकडे पाहून कौतुकानं मान डोलावत म्हणाला, "ज्याची बायको तयार झाली असा अष्टेकर-सान पहिलाच."

सगळे हसले. रविकांतही हसला, कारण सगळे हसत होते.

"मी तयार झाले नव्हते," पद्मिनी म्हणाली. "ती सही माझी नाही."

हसू थांबायला दोन सेकंद लागले. कुरामोची-सान रविकांतकडे वळले. ओरडले नाहीत, भुवईसुद्धा उचलली नाही. "अष्टेकर-सान, हे... जरासं अडचणीचं आहे."

बारा वर्षं त्या कंपनीत काढलेल्या माणसाला 'जरासं' म्हणजे किती, हे सांगावं लागत नाही. रविकांतचा चेहरा उतरला. "पण तुम्हीच म्हणाला होतात," तो म्हणाला. "डिसेंबरमध्ये. आमच्या बेटावर या म्हणून."

"मी?" कुरामोची-सान खरोखर आठवायचा प्रयत्न करत होते. त्यांना आठवत नव्हतं. तेच सगळ्यात वाईट होतं.

त्यांनी पत्रकांचा गठ्ठा उचलला, कडा जुळवल्या, आणि टेबलाखालच्या खोक्यात घालून झाकण लावलं. "हे कुठेच जाणार नाही," ते पद्मिनीला म्हणाले आणि कमरेत वाकले. "वेबसाइटवरही नाही. मला क्षमा करा." आणि इतका वेळ हसणारी त्यांची बायको आता हसत नव्हती, ती रविकांतकडे अशी पाहत होती, जसं माणूस फ्रिजमधल्या नासलेल्या वस्तूकडे पाहतो.

बाहेर चपलांच्या कपाटापाशी रविकांतनं पद्मिनीला गाठलं. "बारा वर्षं!" तो दबक्या आवाजात किंचाळला. "बारा वर्षांची मेहनत पाच मिनिटांत घालवलीस. घरी बोलता येत नव्हतं?"

"घरी बोलले. घरी तू म्हणालास, दोघांच्या सह्या लागतात."

"एप्रिलपर्यंत थांबली असतीस तर काय बिघडलं असतं?"

"माझी सात वर्षं बिघडली असती. युनची चार. ती तुझ्या हिशेबाच्या वहीत कुठे आहेत, दाखव ना. एका पानावर तुझी बढती, समोरच्या पानावर काय? कोरं? तिथे माझी खोटी सही?" तिचा आवाज सभागृहात जात होता आणि तिला त्याची पर्वा नव्हती. "तुझा बॉस देशासाठी मरायला तयार आहे, पण बायकोची सही नाही म्हणून सहा वर्षं थांबलाय. सहा वर्षं! तो माणूस वेडा असेल, पण चोर नाही. तू काय आहेस, रवी?"

तिनं फॉर्म आणि पेन कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवलं. तिची सही आधीच केलेली होती, तिच्या वळणांची.

"आत्ता?"

"आत्ता. नाहीतर उद्या सकाळी मी कौटुंबिक न्यायालयात जाते. ती सही कुणाच्या हाताची, ते तिथले लोक ठरवतील. त्यांना जपानी लिपीतलं अक्षर ओळखता येतं म्हणे. पहिलीतल्या पोराचंसुद्धा."

रविकांतनं सही केली. नवा पत्ता कोतो वॉर्डातला होता, ह्याच सभागृहाच्या आसपासचा. त्यानं तो वाचलासुद्धा नाही. पेनाला टोपण लावून तिच्या हातात दिलं.

तिनं टोपण काढलं आणि दुसरा फॉर्म ठेवला.

"हा कशाला? झालं ना?"

"नाही झालं. पहिल्यानं आपण बेटावरून उतरतो. पण नव्या नोंदीत 'आधीचा पत्ता' म्हणून ते बेट राहतंच. दुसऱ्यांदा, दुसऱ्या गावात म्हणजे परत ग्योतोकुला हललं, की नोंदीच्या नव्या कागदावर आधीचा म्हणून कोतो येतं, बेट जातं. खिडकीवरच्या बाईंनी सांगितलं. पहिला उद्या द्यायचा, तिकडची नोंद लागली की दुसरा. तोपर्यंत तुझी सही माझ्याजवळ राहील." तिनं रकान्यावर बोट ठेवलं. "इथे. स्वतःच्या हातानं. तुला सवय नाही, पण जमेल."

दुसरी सही पहिल्यापेक्षा वाकडी आली. आत कुणीतरी माइक तपासत होतं. कुरामोची-सानचा आवाज आला, आजच्या कार्यक्रमात थोडा बदल आहे, समजून घ्यावं.

"आणखी काही?" रविकांतनं विचारलं. त्याला ते उर्मटपणे म्हणायचं होतं, पण आवाज नुसताच थकलेला आला.

"सईची माफी मागायची. आज. मराठीत." पद्मिनीनं दोन्ही फॉर्म फायलीत घातले आणि बूट पायात सरकवले. "माझी मागू नकोस. मी देणार नाहीये."

"पद्मा, थांब, बरोबरच जाऊ."

"तू आत जा. कार्यक्रम आहे ना तुझा?" ती म्हणाली आणि सरळ स्टेशनकडे चालू लागली. प्लॅटफॉर्मवर गाडी यायला सहा मिनिटं होती. तेवढ्यात तिनं युनला लिहायला घेतलं. या वेळी पुसलं नाही. पत्त्याचं, सहीचं, पत्रकाचं, पैठणीचं, सगळं लिहिलं आणि शेवटी लिहिलं: हे तुला दुसऱ्या कुणाकडून कळू नये. पत्ता परत फिरवतेय. तरीही तुला मी जहाजावर नको असेन, तर तसं सांग. फक्त तूच सांग, माझ्या वतीनं कुणी ठरवायला नको.

गाडी मिनामी-सुनामाची स्टेशनला पोहोचायच्या आत उत्तर आलं. युननं आधी कोरियन भाषेत एक शब्द लिहिला होता, जो पद्मिनीला समजला नाही पण नवऱ्यांबद्दलचा असावा. खाली जपानीत होतं: "सोमवारी वरिष्ठांना मी स्वतः सांगते. काय होईल माहीत नाही. दोन्ही फॉर्मची नक्कल पाठव."

पद्मिनीनं मांडीवर फाइल उघडली, फॉर्म सरळ धरले आणि फोटो काढले. गाडीच्या धक्क्यानं पहिला फोटो हलला. तिनं तो पुसून पुन्हा काढला.